राहीबाईंच्या केकचा पत्ता

“सदर संस्थेत मद्यपान करणारी एकही व्यक्ती वास्तव्यास नाही. सबब, संस्थेच्या सभागृहात दर रविवारी भरणारी मद्यपींची बैठक ही बाह्य व्यक्तींची असून, तिच्यामुळे संस्थेच्या नावलौकिकास बाधा पोहोचत आहे. करिता ती तात्काळ बंद करण्यात यावी.”

कामोठ्याच्या शुभमंगल छाया सहकारी गृहनिर्माण संस्थेत हा ठराव एकमताने संमत झाला, तेव्हा संध्याकाळचे सव्वासात वाजले होते. पावणेआठ वाजता, तो संमत करणाऱ्या सात सभासदांपैकी पाच जण गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून त्याच एकमताचा आनंद साजरा करत होते. ग्लास कमी पडले म्हणून एकाने स्टीलचे फुलपात्र घेतले. दर सोमवारी सकाळी वॉचमन आप्पा गच्चीवरून एक गोणी खाली आणतो आणि ती भंगारवाल्याला देताना खणखणते, ही गोष्ट भंगारवाल्याला ठाऊक आहे, समोरच्या इस्त्रीवाल्याला ठाऊक आहे. इतिवृत्ताला मात्र ठाऊक नाही. इतिवृत्ताची स्मरणशक्ती नेहमीच निवडक असते, आणि म्हणूनच सभ्य लोक ते इतक्या काळजीने लिहून ठेवतात.

‘बाह्य व्यक्ती’ हे विधानही तपासण्यासारखे आहे. दारू सोडण्यासाठी या बैठकीला येणाऱ्या अकरा जणांपैकी तिघे याच संस्थेचे रहिवासी होते. त्यांतले बी विंगमधले एक गृहस्थ आपल्या जिन्याने उतरून सरळ सभागृहात येत नसत. मागच्या फाटकाने बाहेर पडत, संस्थेला पूर्ण वळसा घालत आणि पुढच्या फाटकाने पाहुण्यासारखे आत येत. राहता राहिला नावलौकिक. दोन वर्षांत त्या मंडळींकडून एक कप फुटला होता आणि त्यांनी सहा कपांचा नवा संच आणून ठेवला होता. त्याच सभागृहात थर्टीफर्स्टच्या रात्री कमिटीने फोडलेले बेसिन अजून सुतळीने बांधलेले आहे.

ठरावाचा मसुदा सचिव सिताराम घरत याने केला होता. कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत अठ्ठावीस वर्षे पत्रव्यवहार सांभाळल्याने ‘सबब’ आणि ‘करिता’ त्याच्या बोटांतच होते. इमारत सिडकोने शेतजमिनीच्या मोबदल्यात दिलेल्या ज्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी होती तो त्याच्या वडिलांचा; त्यामुळे सचिवपद त्याला वारशाने मिळाल्यासारखे होते. सी विंगच्या मीटरखोलीत, चौथ्या मीटरच्या मागे, त्याची एक चपटी बाटली कायम वास्तव्यास असे. परंतु सिताराम स्वतःला मद्यपी समजत नसे. मद्यपी म्हणजे गटारात पडणारा, अशी त्याची व्याख्या होती. आणि तो गटारात कधीही पडला नव्हता.

तो सापडला केटररच्या टेम्पोत. ठरावानंतर काही महिन्यांनी, मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी, भर दुपारी, घडीच्या टेबलांच्या मागे.

निशिगंधा ही त्याची एकुलती एक मुलगी. जावयाला टिळा लावायची वेळ झाली, भटजी दोनदा घड्याळाकडे बघून गेले, तरी वधूपित्याचा पत्ता नव्हता. शेवटी निशिगंधा स्वतःच पैठणीचा घोळ सावरत हॉलच्या मागच्या पार्किंगमध्ये जाऊन हाका मारून आली. टिळा काकांनी लावला. तासाभराने टेम्पो भरायला घेतला, तेव्हा केटररच्या माणसांना सिताराम दिसला. ‘उन्हाने चक्कर आली, तिथेच झोप लागली,’ अशी अधिकृत भूमिका त्याची बायको गोजरा हिने पाच मिनिटांत तयार केली, आणि व्याह्यांनी ती सौजन्याने मान्य केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप पुढे ठेवत निशिगंधा म्हणाली होती, “बाबा, माझ्या हळदीला तू नको येऊस.”

आवाज चढलेला नव्हता. ऐरोलीच्या कंपनीत एचआरचे काम करताना लोकांना नोकरीवरून कमी केल्याचे ती याच आवाजात सांगत असावी. आगरी घरातल्या हळदीला मांडवात डीजे असतो, मटण असते, आणि बाटल्या उघडपणे असतात. यजमान म्हणून पाहुण्यांच्या ग्लासात ओतण्याचा मान वधूपित्याचा. तिने सगळा विचार करूनच सांगितले होते. हळदीला एक महिना होता.

त्या महिन्यात सितारामने तीनदा दारू सोडली. तिन्ही वेळा रविवारी सोडली आणि तिन्ही वेळा ती मंगळवारी परत आली. चौथ्या वेळी त्याने शुक्रवारी सोडली. वार बदलून पाहावा, एवढाच उपाय त्याच्याकडे शिल्लक होता. रविवारी दुपारी, हळदीला आठ दिवस उरले असताना, तो मुलीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

“निशी, ती मानसं... हॉलमधली. ती आता कुठं बसतात?”

निशिगंधाने लॅपटॉपवरून मान वर केली. वडिलांकडे बघितले, त्यांच्या हातांकडे बघितले. मग ती हसू लागली, आणि हसू आवरेना तेव्हा तिने उशी तोंडावर धरली.

“हसतेस काय?”

“बाबा, त्यांना हाकलायची नोटीस तू लिहिलीस. आणि टाइप मी केली. दोघं मिळून हाकललं आपण त्यांना!” तिने ओढणी घेतली. “चल. नेटवर पत्ता असेल.”

नेटवर पत्ता होता. ‘दारू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी कामोठे गट, रविवार, दुपारी चार’. दिलेला फोन वाजत राहिला, कुणी उचलला नाही. निशिगंधाने नकाशा लावला, स्कूटी काढली, सितारामला मागे बसवले. मोबाइलमधल्या बाईने डावीकडे वळायला सांगितले, मग पुन्हा डावीकडे, मग पुन्हा डावीकडे. आणि संस्थेच्या कंपाउंड वॉलला अख्खी फेरी मारून झाल्यावर, शुभमंगल छायाच्या फाटकासमोर, तिने प्रसन्नपणे जाहीर केले की आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात.

आप्पा खुर्चीतून उठला. “काय साहेब, आत्ता गेलात, आत्ता आलात?”

“आप्पा,” सितारामने घसा खाकरला, “ते रविवारवाले लोक. ते कुठं गेले, काय कल्पना?”

“कुठले?”

“ते रे... बैठकवाले.”

“बेवडे?” आप्पाने खणखणीत आवाजात विचारले. फुले घेऊन आत येणाऱ्या दोन बायकांनी वळून बघितले.

“हळू बोल की!”

“साहेब, तुमीच तर काढलं त्यांना. मला काय सांगून गेले का ते? जाताना हॉल झाडून गेले, फरशी पुसून गेले. नवे कप पन इथंच ठेवले. मी बोललो, न्या की, तुमचेच हायेत. ते नको बोलले.” आप्पाने डोके खाजवले. “एक सांगू? ती केकवाली असेल बघा माहितीची. सफियाबाई, भाजी मार्केटच्या मागं. महिन्या-दीड महिन्यानं त्यांचा एक केक यायचा. मीच गेटवर घ्यायचो. लय वाढदिवस त्या लोकांचे. आन एवढे बाप्ये मोठेमोठे, केकवर काय, तर दोन! तीन! मला वाटायचं, पोराबाळांचे असतील.”

ठरावाच्या चर्चेत हा मुद्दा आला होता, हे सितारामला आठवले. ‘वाढदिवसाच्या नावाखाली’ असे शब्द त्यानेच सुचवले होते.

सफियाच्या दुकानात जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढी जागा होती. काचेच्या कपाटात पेस्ट्र्या, भिंतीवर मापाची भांडी, आणि गल्ल्यामागे स्वतः सफिया. पन्नाशीची, श्रीवर्धनकडची, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली. निशिगंधाने विचारले तेव्हा तिने क्रीमचा कोन खालीही ठेवला नाही.

“कुठला गट? मला नाही माहीत.”

“काकी, तुम्ही त्यांचे केक करता.”

“मी सगळ्यांचे केक करते, बेटा. उद्या कुणी येऊन तुझ्या केकचा पत्ता मागेल, तर तुझा पण नाही देणार.”

“आम्ही तक्रारीसाठी नाही आलो,” सिताराम म्हणाला. “वैयक्तिक स्वरूपाचं काम आहे.”

“वैयक्तिक स्वरूपाचं,” सफियाने तो शब्द चाखल्यासारखा उच्चारला. “दादा, त्या लोकांचं माझ्याजवळ एकच सांगणं असतं. नाव बाहेर नाही, पत्ता बाहेर नाही. सात वर्षं केक देते, एकदाही बोलले नाही. माझ्या नवऱ्याला पण नाही.”

सितारामने काही तरी बोलायला हात उचलला आणि काचेच्या कपाटावर टेकवला. वरच्या बरणीतले चमचे किणकिणू लागले. त्याने हात काढून घेतला, चमचे थांबले. तिघांनीही ते ऐकले होते.

सफियाने कोन खाली ठेवला. हात पुसले. आत जाऊन ती एक चौकोनी खोका घेऊन आली.

“माझा पोचवणारा माणूस आज आला नाही,” ती म्हणाली. “एक केक खांदेश्वरला द्यायचा आहे. चारच्या आत. पत्ता खोक्यावर लिहिलेला आहे, मी काही तोंडाने सांगितलेला नाही. नेता?”

“नेतो,” सिताराम म्हणाला.

“दोन्ही हातांनी धरा. सपाट. क्रीम ताजं आहे, वाकडं झालं तर बाई मला बोलेल.” मग निशिगंधाला, “आणि तू हळू चालव. गाडीवर केक आहे आणि बाप पण आहे.”

खोक्याच्या वरच्या पारदर्शक कागदातून पांढऱ्या क्रीमवरची लाल अक्षरे दिसत होती. ‘राहीबाई’. त्याखाली मोठा, डौलदार ‘१’.

“एक वर्षाच्या पोरीचं नाव राहीबाई?” निशिगंधाने स्कूटी सुरू करत विचारले. “कसले आईबाप असतील!”

“आजीचं ठेवलं असेल.”

“बाबा, आपण चुकीच्या बारशाला तर नाही ना चाललो?”

कामोठ्यातून खांदेश्वरला जाणारा रस्ता लांब नाही. पण दारू सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी हातांना कोणताही रस्ता लांबच असतो. सितारामचे तळवे थरथरत होते आणि थरथर खोक्यात, खोक्यातून क्रीममध्ये जात होती. पहिल्याच स्पीडब्रेकरला तो ओरडला.

“हळू! ‘रा’ला धक्का लागला!”

“किती?”

“काना पुसला. रहीबाई झाली.”

“बाबा!”

“मी काय करू? गतिरोधक तुझा आहे!”

ती इतकी हसली की तिला गाडी कडेला घ्यावी लागली. सितारामही हसला, मग केक हलतो म्हणून श्वास धरून, खांदे न हलवता हसला, आणि ते इतके अवघड होते की त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. बापलेक एकत्र हसून किती वर्षे झाली होती, याचा हिशेब दोघांपैकी कुणीही केला नाही. असे हिशेब करणारी माणसे हसत नसतात.

पुढचा सिग्नल लाल लागला. डाव्या हाताला, थेट सितारामच्या खांद्याशी, वाइन शॉप. शासनाने परवाना दिलेले, महापालिकेने रस्ता दिलेले आणि रविवारने गिऱ्हाईक दिलेले. रांग फुटपाथवर आली होती. काउंटरवरच्या माणसाने त्याला ओळखले आणि भुवया उंचावल्या, नेहमीची? सितारामच्या मानेवर घाम फुटला. उतरायला दोन सेकंद पुरले असते. निशिगंधा आरशातून बघत होती.

सितारामने काउंटरवरच्या माणसाला खोका थोडा वर उचलून दाखवला. दोन्ही हात गुंतले आहेत, एवढाच त्या हावभावाचा अर्थ होता. मोकळ्या हातांच्या माणसाला व्याख्याने देऊन दारूपासून दूर ठेवण्याच्या योजनांवर बरेच कागद खर्ची पडले आहेत. अर्ध्या किलोच्या केकने नव्वद सेकंदांत जे साधले, त्याची नोंद कुठेही होणार नाही.

सिग्नल सुटला.

पत्ता स्टेशनच्या पलीकडे, एका टायरवाल्याच्या दुकानावर होता. लोखंडी जिना, वर कोचिंग क्लासची खोली. भिंतीवर पाढे आणि शरीराच्या अवयवांचा तक्ता, खाली लहान मुलांचे बाक, आणि त्या बाकांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेली नऊ-दहा मोठी माणसे. दार उघडले ते धर्मराज नावाच्या क्रेन ऑपरेटरने. कळंबोलीच्या लोखंड बाजारात तो चाळीस टनी क्रेन चालवत असे आणि गेली नऊ वर्षे हा गट. दोन वर्षे तो शुभमंगल छायाच्या सभागृहाची किल्ली सितारामकडून नेत-आणत होता.

त्याने सितारामकडे बघितले. मग खोक्याकडे.

“या, सचिवसाहेब,” तो म्हणाला. “इथली नोटीस पण तुम्हीच आणली काय? आज केकमध्ये घालून?”

बाकांवर खसखस पिकली. सिताराम उंबरठ्यावरच उभा राहिला. जिन्यात मागे निशिगंधा होती, त्यामुळे परत फिरण्याची सोय नव्हती.

“तो ठराव मी लिहिला होता,” तो म्हणाला.

“माहीत आहे. खाली सही होती. भाषा चांगली होती हां. ‘बाधा’ म्हणजे काय, ते आमच्यातल्या दोघांना कळलं नव्हतं. एकाला वाटलं, भुताची. मी समजावून सांगितलं.” धर्मराजच्या स्वरात राग नव्हता, तो असता तर सितारामला बरे वाटले असते. “तिथून आम्ही बागेत बसलो दोन महिने. तिथले डास तुम्हाला ठाऊक आहेत. मग एका गोदामात. मग ह्या क्लासवाल्या ज्ञानेश्वरी मॅडमनी जागा दिली. सगळे पोचले इथपर्यंत. एक सोडून. तुमच्या बी विंगचे.”

“ते गावाला गेले, असं सोसायटीत...”

“असं सोसायटीत बोलतात,” धर्मराज म्हणाला. “आम्ही अजून फोन लावतो.”

खाली टायरमध्ये हवा भरण्याचा आवाज येत होता. सितारामला अनेक कार्यालयीन शब्द सुचले. दिलगिरी, अनवधान, परिस्थितीजन्य. त्यातला एकही तोंडाबाहेर काढण्याजोगा नव्हता.

“आरं, आदी तो केक ठेवा, मंग काय ती भांडना करा!” पहिल्या बाकावरून एक ठसठशीत आवाज आला. हिरव्या काठाचे लुगडे, कानात बुगड्या, साठीच्या आसपासची बाई उठली आणि सितारामच्या हातातून खोका घेऊन टेबलावर ठेवला. “माजी वर्षाची मेहनत हाय ती. ह्यो मानूस पाडल त.” तिने वाकून बघितले. “रहीबाई? ही कोन? माजा काना कुठं गेला?”

“खांदेश्वरच्या सिग्नलच्या आधी,” निशिगंधा म्हणाली, आणि अख्खी खोली हसली.

“तुम्ही राहीबाई?” निशिगंधाचे डोळे विस्फारले. “मग हा एक...”

“एक वरीस झाला मना. आज. तीनशे पासष्ट दिस, एक थेंब नाय. आदीची सत्तावन वरसं मी धरत नाय, ती फुकट गेली.” तिने निशिगंधाच्या गालावर हात ठेवला. “तू ह्याची पोर?”

“हो.”

“बस तितं. आज वाढदिवस हाय, आज घरच्यांना येऊ देतात. उगाच उभी राहून जिना अडवू नको.”

अशा रीतीने सिताराम घरत ज्या बैठकीस बाधा म्हणून बंद करून आला होता, त्या बैठकीत शेवटच्या बाकावर बसला. बाक इतका लहान होता की सचिवपद त्यावर मावले नाही.

इथे आडनाव सांगायचे नाही, हा पहिला नियम. एका फॅक्टरीतला फोरमन, एक निवृत्त शिक्षक, एक रिक्षावाला. सगळ्यांची फक्त नावे. हजेरीपट नाही, ठराव नाही, अनुमोदन नाही. कुणी बोलत असताना कुणी मध्ये बोलले नाही, आणि बोलून झाल्यावर कुणी सल्ला दिला नाही. सितारामने आयुष्यभर सभा पाहिल्या होत्या. जिला इतिवृत्त नाही आणि जिच्यात सगळे खरे बोलतात, अशी ही पहिलीच.

राहीबाई उभी राहिली. कामोठ्याच्या बाजारात ती सुकी मासळी विकते.

“मी बाटली जवल्याच्या टोपलीत ठेवायची,” ती म्हणाली. “वास कोनाला येनार? जवल्यापुढं दारूचा वास म्हंजे अत्तर! दुपारपर्यंत मी अशी खुश, का गिऱ्हाइकाला अर्धा किलोच्या जागी पाऊन किलो देयाची. सगल्या बाया माज्याकडं. बाजूची बोलायची, राही, तुजा हात लय मोठा. मी बोलायची, मन मोठा हाय!” हशा थांबेपर्यंत ती थांबली. “आता बरोबर अर्धा किलो देते. गिऱ्हाईक कमी झालाय. पन सून आता नातवाला माज्या मांडीवर ठेवते. आदी ठेवत नवती. मी बोलायची, सून वाईट हाय.” तिने पदराने नाक पुसले. “सून वाईट नवती.”

मग मेणबत्ती लावली. एकच. सगळ्यांनी टाळ्या वाजवून गाणे म्हटले, क्रेन ऑपरेटरचा सूर सगळ्यांच्या वर आणि सगळ्यांच्या बाहेर. राहीबाईने फुंकर मारली ती इतक्या जोराने की मेणबत्तीबरोबर क्रीमचा एक शिंतोडा शिक्षकांच्या चष्म्यावर गेला. पहिला घास तिने कुणाला द्यावा, यावर क्षणभर वाद झाला. तिने तो सितारामच्या तोंडात कोंबला.

“ह्याने आनला ना! हात बगा कसं हलतात, तरी आनला. माजं पन असंच हलायचं. मी तर सुकट पाखडताना सूप हलवायचीच नाय, हात आपोआप पाखडायचा!”

सिताराम तोंडभर केक घेऊन हसला. शेजारच्या फोरमनने आपला हात पुढे करून दाखवला. स्थिर, तेलकट, एक बोट अर्धे. “चार वर्षं,” तो म्हणाला. “तुमचा पण थांबेल. तोवर चहा अर्धा कप घ्या, सांडत नाही.” आणि खरोखरच त्याने सितारामचा कप अर्धाच भरला. ही सोय कुणीतरी कधीतरी शोधून काढली असणार, आणि पुढच्या थरथरणाऱ्या माणसासाठी मागे ठेवली असणार. राज्यकारभाराच्या साऱ्या शास्त्रांत इतका उपयुक्त नियम क्वचितच सापडेल.

निशिगंधा दाराजवळच्या बाकावर कागदी प्लेट मांडीवर घेऊन बसली होती. राहीबाईने तिला आणखी एक तुकडा वाढला, लग्न कधी, कुणाकडे दिले, हळद कुठल्या मांडवात, हे सगळे काढून घेतले, आणि हळदीला सुके बोंबील पाठवते, असे परस्पर ठरवूनही टाकले.

“कोणाला बोलायचं आहे?” धर्मराजने विचारले. त्याने सितारामकडे बघितले नाही. खोलीतल्या कुणीही बघितले नाही. न बघण्याची ती एक सवय होती, सौजन्याहून जुनी.

सिताराम उभा राहिला. गुडघा बाकाला आपटला.

“उपस्थित सर्व मान्यवर,” त्याने सुरुवात केली, “आज या ठिकाणी, सर्वप्रथम मी माझ्या वतीने आणि संस्थेच्या वतीने...”

“सिताराम,” धर्मराज हळू म्हणाला. साहेब नाही, सचिव नाही. “संस्थेला घरी ठेव. तू बोल.”

सिताराम थांबला. अठ्ठावीस वर्षांत प्रथमच त्याच्याजवळ मसुदा नव्हता. त्याने खिशात हात घातले, बाहेर काढले, आणि शेवटी पुढच्या बाकाची कड धरली. बाक थोडा थरथरला आणि त्यावर बसलेल्या रिक्षावाल्याने आपले वजन त्यावर टाकून तो स्थिर केला. निशिगंधाने प्लेट बाजूला ठेवली. तिला वाटले होते, तो नाव सांगेल, तीन दिवस झाले म्हणेल, आणि बसेल. तेवढे तिला पुरले असते. हळदीचे काय ते तिने सिग्नललाच मनाशी ठरवून टाकले होते, फक्त सांगायचे होते.

तो तिच्याकडे बघत नव्हता. समोरच्या तक्त्यावर माणसाचा कान काढलेला होता, त्याकडे बघत तो आपल्या आईच्या बोलीत बोलला. त्या खोलीत काही लिहून ठेवत नाहीत. परंतु जे त्याने सांगितले ते शब्दशः असे:

“मी सिताराम. मी दारू पेतो. पोरीच्या साखरपुड्याला मी टेम्पोत निजलो नवतो. जागा व्हतो. निशीने तीन हाका मारल्या. तिन्ही मना आयकू आल्या. बाटलीत दोन घोट उरलं व्हतं. मी मनात बोललो, पयलं हे संपवू, मंग ओ देऊ.”